कडबाकुट्टीची जाळी

आकाशवाणीनं मला आजवर बोलावलं ते कवितेसाठी. या वेळी विषय मी स्वतः सुचवला आणि तो ऐकून समोरचे अधिकारी क्षणभर गप्प झाले. संगणकावर यंत्राचं मॉडेल करताना त्याच्या भागांची मांडणी कशी ठेवायची, हा तो विषय. "तुमचा आणि याचा काय संबंध?" असं त्यांनी विचारलं नाही, सभ्य माणसं आहेत, पण प्रश्न चेहऱ्यावर होता. मी बी. ए. मराठी. नोकरी केली ती सोसायटीच्या कारकुनाची. तरीही संबंध आहे, आणि तो माझ्या घरातलाच आहे.

माझी लेक कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून मेकॅनिकल इंजिनियर झाली. हे महाविद्यालय १९६० पासून आपल्या गावात आहे, त्यामुळे शेतकऱ्याच्या, कामगाराच्या घरातली मुलंही घरचा डबा खाऊन इंजिनियर झाली. लग्नानंतरही ती गावातच राहिली आणि घरी बसून आसपासच्या लहान वर्कशॉपची डिझाइनची कामं करू लागली. संध्याकाळी मुलाला आमच्याकडे सोडते आणि आमच्याच माडीवर संगणक लावून बसते. मी खाली कवितेची ओळ शोधत असतो, वर ती बोल्टाचं भोक शोधत असते. दोघांनाही रात्री अकराशिवाय काही सापडत नाही.

दोन वर्षांपूर्वी एका वर्कशॉपनं तिला एक काम दिलं. नाव सांगत नाही, कारण त्यात कुणा एकाचा दोष नव्हता. काम कडबाकुट्टीचं. त्यांच्या यंत्राचं वैरण घालायचं तोंड नऊ इंच रुंद होतं, ते बारा इंच करायचं. आपल्या भागात गोठे वाढलेत, हत्तीगवत आणि उसाचं वाडं भाऱ्यानं येतं, नऊ इंचात भागत नाही. मूळ मॉडेल आधीच्या डिझायनरनं केलेलं. तो दुसरीकडे निघून गेलेला. फाइल होती. मालक म्हणाले, "ताई, दोन दिवसांचं काम. एक आकडा तर बदलायचाय."

आकडा बदलायचा म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. हे सॉफ्टवेअर साध्या चित्रासारखं नसतं. कागदावर काढलेला चौकोन हा फक्त चार रेघांचा असतो. इथं तुम्ही चौकोन काढता आणि त्याला सांगता, की तुझी ही बाजू त्या बाजूशी समांतर, हे भोक बरोबर मध्यावर, ही रुंदी अमुक इतकी. रेघांमध्ये तुम्ही नाती घालून देता. मग रुंदीचा आकडा बदलला की चौकोन स्वतःच ताणला जातो आणि भोक आपणहून नव्या मध्यावर सरकतं. याला पॅरामेट्रिक म्हणतात. कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या एमआयटीत आयव्हन सदरलँड नावाच्या विद्यार्थ्यानं १९६३ साली 'स्केचपॅड' नावाचा प्रोग्रॅम लिहिला. पडद्यावर प्रकाशलेखणी टेकवून रेघ काढायची आणि यंत्रालाच सांगायचं की या दोन रेघा काटकोनात ठेव. एक मूळ आकृती काढून तिच्या हव्या तितक्या प्रती मांडायच्या, आणि मूळ बदलली की सगळ्या प्रती बदलायच्या, हेही त्यात होतं. कारखान्यांत ही पद्धत घट्ट रुजली ती १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून.

गझल लिहिणाऱ्याला हे लगेच कळतं. मतल्यात काफिया आणि रदीफ ठरले की पुढचा प्रत्येक शेर त्याला बांधलेला. फरक इतकाच, की मी उद्या रदीफ बदलला तर माझे बाकीचे शेर आपोआप बदलत नाहीत. बसावं लागतं.

तर लेकीनं नवाचे बारा केले, आणि पडद्यावरच्या यादीत लाल-पिवळ्या खुणा पेटल्या. एक-दोन नाही, ओळीनं. मी चहा घेऊन वर गेलो तेव्हा ती यादीकडे बघत बसली होती. स्केच १, स्केच २, स्केच ३, असं करत साठाच्या वर. खाली बॉडी १, बॉडी २, तेही चाळीसच्या घरात. मी विचारलं, "यातलं पातं कुठलं?" ती म्हणाली, "अब्बू, तेच शोधतेय."

इथं तीन शब्द समजून घ्या, पुढचं सगळं त्यावर आहे. स्केच म्हणजे सपाट आकृती, एका प्रतलावरची. तिला उंची दिली किंवा गोल फिरवली की घन आकार तयार होतो, ती बॉडी. आणि कंपोनंट म्हणजे यंत्राचा सुटा भाग, ज्याला स्वतःचं नाव आहे, स्वतःचा आरंभबिंदू आहे, ज्याच्या पोटात त्याची स्केचं आणि बॉडी राहतात, जो उचलून दुसरीकडे ठेवता येतो, आणि ज्याची एक प्रत किंवा चोवीस प्रती यंत्रात असू शकतात.

ओगलेवाडी आमच्या शेजारी, कराडचं रेल्वे स्टेशन तिथंच आहे. तिथल्या ओगले काच कारखान्याचा प्रभाकर कंदील एके काळी घरोघर होता. माझ्या आजीच्या घरातही होता. काच तडकली की दुकानातून फक्त काच आणायची. टाकी, वात, कडी तीच. नवी काच जुन्या कंदिलात बसायची. ती काच म्हणजे कंपोनंट. पण त्या काचेचा फुगीर मधला भाग आणि निमुळतं तोंड हे काही दोन कंपोनंट नव्हेत. ती एकच अखंड बॉडी. मला हे असं समजलं. लेक म्हणाली, चालेल.

तिच्या हातात आलेल्या त्या फाइलमध्ये कंपोनंट एकही नव्हता. चाक, पाती, रोलर, वैरण सारायचा पन्हळ, सांगाडा, सगळ्या बॉडी एकाच पोत्यात भरल्यासारख्या. यंत्र पडद्यावर सुंदर दिसत होतं. फाइल केली त्या दिवशी ती चालतच असणार. अशी अव्यवस्था करण्याच्या दिवशी दिसत नाही, बदलण्याच्या दिवशी दिसते. आणि बदलायला येतो तो बहुधा वेगळाच माणूस.

मालकांचा रोज फोन. दोन दिवसांचे पाच झाले. तिनं एकेक लाल खूण पकडून दुरुस्त केली. इथलं भोक पुन्हा बांधलं, तिथली कड पुन्हा जोडली. रोलर नीट दिसावेत म्हणून मध्ये येणारे काही भाग तिनं पडद्यावरून तात्पुरते लपवले. तशी सोय असते. शेवटी यादीत एकही लाल खूण उरली नाही. फाइल पाठवली, पत्रे लेसरवर कापले गेले, पहिलं यंत्र जुळलं.

ते जुळवणारे फिटर साठीच्या पुढचे. यंत्र उभं राहिल्यावर त्यांनी मोटर लावायच्या आधी पन्हळात हात घातला आणि तळहात उभा करून रोलरपर्यंत नेला. हात गेला. त्यांनी लेकीला बोलावून घेतलं आणि काही न बोलता पुन्हा एकदा तसाच हात घालून दाखवला.

कडबाकुट्टीत वैरण पन्हळातून पुढं सरते, दोन दातेरी रोलर तिला पकडून आत ओढतात आणि पलीकडे चाकावरची पाती ती कापतात. रोलरच्या वर, पन्हळाच्या तोंडाशी, एक जाळी असते. ती एवढ्यासाठीच, की वैरण सारणाऱ्याचा हात रोलरपर्यंत पोहोचू नये. पन्हळ बारा इंच झाला होता, रोलर बारा इंचांना साजेसे झाले होते, जाळी नऊ इंचाचीच राहिली होती. दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच उघडं.

ती रात्री घरी आली तेव्हा जेवली नाही. माझ्या चाचांच्या उजव्या हाताची तीन बोटं कडबाकुट्टीत गेली होती. तेव्हा यंत्र हातानं फिरवायचं. एकानं चाक फिरवायचं, दुसऱ्यानं वैरण सारायची. चाक फिरवत होता चाचांचा सख्खा मुलगा. मी सात-आठ वर्षांचा होतो, मला आठवतो तो फक्त चाकाचा थांबलेला आवाज. माझा हा भाऊ आयुष्यभर त्या विषयावर बोलला नाही. लेकीला हे ठाऊक होतं, घरात सगळ्यांना ठाऊक आहे. चाचा डाव्या हातानं जेवायचे, तिनं लहानपणी त्याचं कारण विचारलं होतं.

जाळी का राहिली? मी तिला विचारलं, तेव्हा तिनं फाइल उघडून दाखवलं. जाळीचं स्केच कशालाच बांधलेलं नव्हतं. आधीच्या माणसानं नऊ इंचाचा आकडा सरळ हातानं लिहिला होता. पन्हळाशी तिचं नातं त्यानं जोडलंच नव्हतं. म्हणून नवाचे बारा झाले तेव्हा जाळीला त्याची खबर नव्हती. आणि लाल खूणही आली नाही. संगणक तक्रार करतो ती तुटलेल्या नात्याची. जे नातं कुणी जोडलंच नाही, त्याच्याबद्दल तो काय बोलणार? त्यात जाळी ही तिनं तात्पुरत्या लपवलेल्या भागांतली एक. "बॉडी ३१ अब्बू," ती म्हणाली. "तिचं नाव जाळी असतं, तर मी ती लपवताना एकदा तरी थांबले असते."

मालकांनी जाळीचा पत्रा नव्यानं कापून घेतला, प्रश्न तिथल्या तिथं मिटला. त्यांच्या दृष्टीनं काम संपलं. लेकीचं म्हणणं, संपलं नाही. फाइल तशीच आहे, पुढच्या वेळी आणखी काहीतरी राहील, मॉडेल मुळापासून नवं करायला हवं. मालक म्हणाले, "यंत्र चालतंय, त्याला पुन्हा पैसे कशाचे?" खरं सांगायचं तर मलाही तेच वाटलं. लहान मूल, घरकाम, हातात दुसरी कामं. फुकटचं जागरण कशाला? आमचा त्यावर वाद झाला. ती मला एवढंच म्हणाली, "दादाजींचं कपाट आठवा."

दादाजी म्हणजे माझे अब्बा. अब्बा एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. लोखंडाचा भाग ओतायचा तर आधी तो लाकडात करावा लागतो. तो वाळूत दाबायचा, काढून घ्यायचा, राहिलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. बीड निवताना आक्रसतं, मीटरमागं साधारण १० मिलिमीटर. म्हणून लाकडी पॅटर्न तेवढा मोठा करायचा. त्यासाठी अब्बांची पट्टीच वेगळी होती, तिच्यावरचा फूट खऱ्या फुटाहून किंचित लांब. ती एकदा मी दप्तरात घालून शाळेत नेली आणि भूमितीत मार खाल्ला.

भाग आतून पोकळ हवा असेल तर त्या पोकळीच्या आकाराचा वाळूचा गाभा लागतो, त्याला कोअर म्हणतात. कोअर करायची लाकडी पेटी वेगळी. पॅटर्न वाळूतून वर काढताना जे उंचवटे अडतात ते सुटे ठेवायचे, ते लूज पीस. म्हणजे बाहेर येणार एक लोखंडी भाग, पण त्याच्यामागं लाकडाचे सात-आठ तुकडे. अब्बा त्या सगळ्या तुकड्यांवर एकच नंबर रंगवत आणि मोठ्या तुकड्यावर लिहीत, याचे सुटे तुकडे किती. घरी एक फळ्यांचं कपाट होतं, त्यात त्यांचे स्वतःचे नमुने याच शिस्तीत लावलेले. एक तुकडा हरवला तर ओतकाम बिघडतं, आणि ते कळतं लोखंड निवल्यावर. अब्बा गेल्यानंतर बरीच वर्षं मी ते कपाट तसंच ठेवलं. शेवटी एक ओतकाम करणारे गृहस्थ ते बघायला आले. त्यांनी अब्बांना कधी पाहिलं नव्हतं. दहा मिनिटांत त्यांनी एकेक संच बाहेर काढून सतरंजीवर मांडला, एक तुकडा इकडचा तिकडे झाला नाही. लेक तेव्हा बारावीत होती, माझ्या शेजारी उभी होती.

मी पुढं वाद घातला नाही.

तिनं नवं मॉडेल केलं त्याला दीड महिना लागला, रोजची दोन-दोन तास. मी शेजारी बसून बघत असे, म्हणून हे सांगू शकतो. पहिल्या दिवशी तिनं काहीच काढलं नाही. नुसती आकड्यांची यादी केली: तोंडाची रुंदी, रोलरचा व्यास, पत्र्याची जाडी, पात्यांची संख्या. प्रत्येकाला नाव. दुसऱ्या दिवशी एकच साधं स्केच, सांगाड्यासारखं. चाकाचा मध्य कुठं, रोलर कुठं, पन्हळ कुठं सुरू होतो, इतकंच. बाकीचे सगळे भाग आपलं माप या सांगाड्याकडून घेणार. मग तिनं रिकामे कंपोनंट तयार करून त्यांना नावं दिली, आणि त्यानंतर प्रत्येकात शिरून त्या भागाचं स्केच त्या भागाच्या पोटातच काढलं. आधी घर, मग भांडी. उलटं केलं की भांडी दुसऱ्याच्या घरात राहतात.

मी विचारलं, कुठला तुकडा कंपोनंट करायचा आणि कुठला नुसती बॉडी ठेवायचा, हे कसं ठरवतेस? तिचं उत्तर मला आवडलं. वर्कशॉपमध्ये जो भाग वेगळा हातात येतो, वेगळा हलतो किंवा वेगळा विकत आणावा लागतो, तो कंपोनंट. चाकाचा तुंबा आणि आरे एकत्रच ओतले जातात, त्यामुळं स्केचं कितीही असोत, ती एक बॉडी. सांगाड्याच्या अँगलवर मात्र ती अडली. वेल्डिंग झाल्यावर तो एकच भाग. पण कापताना अँगल वेगवेगळे कापावे लागतात. शेवटी तिनं कापणाऱ्याच्या बाजूनं निकाल दिला आणि प्रत्येक अँगल वेगळा ठेवून सगळे 'सांगाडा' या एका घरात घातले. कधी कधी ती एक बॉडी निव्वळ दुसरीतून वजा करण्यासाठी करते. रोलरच्या आकाराची बॉडी करायची आणि बाजूच्या तबकडीतून ती कोरून काढायची. शेवटी तिची फक्त पोकळी उरते. मी म्हटलं, हा तर कोअर. ती हसली.

बोल्ट एकच काढला, बाकी सगळ्या त्याच्या प्रती. इथं एक फसगत असते. काही सॉफ्टवेअरमध्ये प्रत दोन तऱ्हांची करता येते. एक मुळाशी बांधलेली, दुसरी स्वतंत्र. दोन्ही दिसतात सारख्याच. मूळ बदललं की पहिली बदलते, दुसरी जिथल्या तिथं. सख्खं आणि मानलेलं, पडद्यावर ओळखू येत नाही.

आणखी एक गोष्ट तिनं मला घरांच्या नंबरावरून समजावली. मॉडेलच्या प्रत्येक पृष्ठाला संगणक आतल्या आत नंबर देतो. आळीत दहा घरं, एक ते दहा. तुम्ही पत्ता लिहून ठेवलात, सहावं घर. मध्येच कुणी एक घर पाडलं आणि पुन्हा मोजदाद झाली तर तुमचा सहावा पत्ता शेजाऱ्याच्या दारात जातो. पृष्ठावर टांगलेली भोकं, खाचा अशाच भलतीकडे जातात. 'फ्रीकॅड' नावाचं एक मोफत सॉफ्टवेअर आहे, जगभरातल्या लोकांनी मिळून वाढवलेलं. त्याला या दुखण्यानं वर्षानुवर्षं छळलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली, त्यात यावर बराच इलाज झाला. लेकीचा स्वतःचा इलाज जुना आहे. पृष्ठावर शक्यतो काही टांगायचंच नाही. मूळ प्रतलावर किंवा सांगाड्याच्या स्केचवर टांगायचं. आणि कडांची गोलाई अगदी शेवटी द्यायची, कारण कडा गोल केल्या की आळीतली घरं बदलतात.

नावांवरून मात्र आमची पुन्हा चकमक झाली. तिनं इंग्रजीत नावं दिली होती. मी म्हटलं, यादी छापून जाते ती फिटरच्या हातात, ते तिला काय म्हणतात ते लिही. मग तिनं वर्कशॉपमध्ये जाऊन विचारलं. पाती, पन्हळ, चाक, जाळी आपली मराठी. रोलर, बेअरिंग, बोल्ट सगळ्यांच्या तोंडचे. 'फीड कन्व्हेयिंग असेंब्ली' मात्र कुणाच्या तोंडचं नव्हतं, ते काढलं.

आपल्या भागात हे यंत्र नवं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले. रंग ओळखण्यात दोष निघाला, म्हणून यांत्रिक ड्रॉइंगकडं वळले आणि पुढं व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तेच शिकवू लागले. बेळगावला आल्यावर त्यांनी सायकलींचं दुकान काढलं, मग कडबा कापायचं यंत्र केलं, मग लोखंडी नांगर. १९१० साली औंध संस्थानात, कुंडलजवळच्या उजाड माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. म्हणजे या मातीतल्या कारखानदारीच्या मुळाशी एक ड्रॉइंगचा मास्तर आहे आणि एक कडबाकुट्टी आहे. लेकीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "त्यांच्या मशीनला जाळी होती का?" मी निरुत्तर.

जाळीचं काम तिनं सर्वांत शेवटी घेतलं. रुंदी पन्हळाच्या रुंदीला बांधली. पण तिला तेवढं पुरेना. जाळी रोलरपासून किती पुढं आली पाहिजे, हा तिचा प्रश्न होता. एका रविवारी तिनं स्वयंपाकघराच्या ओट्यावर पुठ्ठ्याचा पन्हळ मांडला आणि घरातल्या प्रत्येकाला त्यात हात घालायला लावला. माझा, तिच्या आईचा, जावयांचा. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये जाऊन फिटरचाचांचा. त्यांचाच हात सर्वांत लांब निघाला. ते माप अधिक चार बोटं, असा एक आकडा तिनं यादीत घातला आणि त्याला नाव दिलं, 'हात'. जाळीची लांबी त्या आकड्याला बांधली.

गेल्या पावसाळ्यात त्याच मालकांचा फोन आला. एका मोठ्या गोठ्यासाठी पंधरा इंची यंत्र हवं होतं. त्या रात्री मी वरच होतो. तिनं यादीतल्या पहिल्या ओळीत बाराचे पंधरा केले. पडद्यावर पन्हळ रुंदावला, रोलर लांबले, सांगाड्याचे दोन अँगल ताणले गेले, बोल्ट आपापल्या नव्या जागी जाऊन बसले. एक पिवळी खूण आली, ती तिनं बघितली. मोटरचा पट्टा आता अपुरा पडत होता. मग तिनं बाकीचे सगळे भाग लपवले आणि पन्हळ, रोलर आणि जाळी एवढंच पडद्यावर ठेवून ते सगळ्या बाजूंनी सावकाश फिरवून पाहिलं.

मालकांनी या वेळी बिल विचारलं. तिनं दोन दिवसांचे पैसे सांगितले.